पुसलेली गोगलगाय

१

तांब्यावर चित्रं कोरणाऱ्या गास्पार ओलिव्हाँच्या घराची रीतच अशी, की सकाळी कामाच्या खोलीत पाऊल टाकलं की नजर आधी जायची ती तांब्याच्या पत्र्यावर. माणसं काय, ती आपली असतातच. त्यामुळे पेरिनने त्या दिवशीही आधी पत्राच पाहिला. खिडकीखालच्या बाकावर तो उताणा पडला होता. अरेच्चा, तिच्या मनात आलं, बाबांनी उताणा कसा ठेवला? तिच्या वडिलांचा दंडक होता, कोरलेली बाजू खाली, लोकरीच्या कापडावर. धुळीचा कण बसता कामा नये. ह्या एका गोष्टीवरून त्यांनी जावयाला जितक्या शिव्या घातल्या असतील तितक्या पाद्रीबुवांनी सैतानालाही घातल्या नसतील.

मग तिने खाली पाहिलं.

बाबा बाकाच्या पायाशी आडवे पडले होते. डोक्याखालचं रक्त थंडीने थिजलं होतं. शेजारी तो छोटा हातोडा होता, पत्रा मागून ठोकायचा.

तिने बापाच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला, इतका तो गार होता. ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला आठवली ती नवऱ्याची बाही. पहाटे ब्लेझ दारूचा भपकारा मारत अंथरुणात शिरला होता. काहीतरी ओलं तिच्या दंडाला लागलं होतं. "काय रे हे?" तिने झोपेतच विचारलं होतं. "नाक फुटलं, झोप तू," तो म्हणाला होता, आणि त्याचे दात कडकड वाजत होते.

ती ओरडली नाही. पायांचा आवाज न करता ती जिना चढून वर गेली. झोपलेल्या नवऱ्याचा सदरा खुर्चीवरून उचलला. उजव्या बाहीवर रक्ताचा हा एवढा डाग. तिने बर्फासारख्या पाण्यात बाही चोळली, पिळली, सदरा दोरीवर टाकला, आणि मग खाली येऊन जी किंकाळी फोडली ती सँ-जाक रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली.

२

मोहल्ल्याचा कोतवाल ताव्हर्नी सर्दीने बेजार होता. एका हातात रुमाल, दुसऱ्यात भाजलेल्या चेस्टनटांची पुडी. मुडद्याशेजारी बसून तो चेस्टनट सोलायला लागला तेव्हा पेरिनला वाटलं, ह्याला काय डोंबल कळणार! पण त्याचे डोळे काही केल्या तिच्यावरून हलेनात.

"ही तसबीर कोणाची, बाई?" त्याने पत्रा उचलून विचारलं.

"मस्यो कूर्ताव्हेल चित्रकारांची. त्यांनी स्वतःला रंगवलं होतं, बाबा ते तांब्यावर कोरत होते. कोरणाऱ्याला अकादमीत शिरायचं तर एखाद्या चित्रकाराची तसबीर कोरून द्यावी लागते ना. म्हातारपणाचा सगळा जीव बाबांनी ह्या पत्र्यात ओतला होता."

"आणि काल इथे भांडण कसलं झालं? खालची भाजीवालीसुद्धा सांगतेय."

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "गोगलगाईवरून," ती म्हणाली.

बाबांना एक खोड होती. पत्र्यात कुठेतरी एखादी चेष्टा कोरून ठेवायची, आणि काम पुरं झालं की ती पुसून टाकायची. मस्यो कूर्ताव्हेल एकेका चित्राला वर्ष लावतात, म्हणून बाबांनी त्यांच्या मेजाच्या पायावर नखाएवढी गोगलगाय चढवली होती. द्राक्षांच्या सुगीत, काम कसं उतरतंय ते बघायला, तळमजल्यावरच्या रेमी छापणाऱ्याने पत्र्याचा एकच छाप काढून दिला. तो भिंतीवरच टांगलेला होता. आणि काल बार्नाबे चित्रविक्याच्या दुकानात हॉलंडहून चोरटी नक्कल येऊन पडली, गोगलगाईसकट! गिऱ्हाइकं पोट धरून हसली. चित्रकार पिसाळल्यासारखा आला, वाटेल ते बोलून गेला. आणि तो गेल्यावर बाबांनी सगळा राग ब्लेझवर काढला. छाप घराबाहेर गेला तो तुझ्याच हातून, म्हणाले, चोर आहेस तू.

"मग जावई काय म्हणाला?"

पेरिनने मान खाली घातली. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं, लपवणार काय? "म्हणाला, तुमच्या टाळक्यात कोणीतरी हातोडा घालायला हवा. आणि गेला गुत्त्यात."

कोतवालाने चेस्टनट तोंडात टाकला. "पुढे?"

"पुढे काय? बाबांनी संध्याकाळी गोगलगाय पुसली. दिवा मी धरला होता. आधी खरवडली, मग घोटणीने घासघासून तांबं आरशासारखं केलं. म्हणाले, उद्या मागून ठोकून ही जागा वर काढू, नाहीतर खळग्यात शाई बसेल. मग मी झोपायला गेले." तिचा आवाज चिरकला. "तेच शेवटचं."

कोतवालाने पत्रा उजेडात धरला. मेजाच्या पायाशी तांबं लखलखत होतं. "खळगा कुठला, मला तर माझं नाक दिसतंय," तो म्हणाला आणि शिंकला.

मग एकेकाला बोलावणं गेलं. मस्यो कूर्ताव्हेल आले ते दारातच थबकले. मुडद्याकडे बघायची त्यांची छाती होईना. "मी रात्री एका सरदारांकडे जेवायला होतो, वीस माणसं साक्षीला आहेत," ते म्हणाले. "मी रागावलो होतो, पण खून? देवाशपथ नाही!" आणि जाता जाता मात्र पत्र्यावर वाकून बघितलंच. "गेली ना ती मेली? हं. छान, लख्ख. काही राहिलं नाही." असले हे कलावंत.

बार्नाबे घामाघूम होऊन आला, इतक्या थंडीत. होय, एका रविवारी तो छाप मी एका शौकिनाला दाखवायला नेला होता, पण दिवे लागायच्या आत परत आणला, म्हणाला. "नक्कल कुठून आली मला काय ठाऊक? गठ्ठे येतात, मी विकतो. आणि पत्रा म्हणाल तर आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. मला कागदातलं कळतं, तांब्यातलं नाही."

रेमी आला तो रडतच. बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त, पेरिनचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्याच्या शाईने काळ्या झालेल्या पंजांत तिने तोंड लपवलं तेव्हा कुठे तिला पहिल्यांदा नीट रडू आलं. "सुगीत तो एक छाप काढून दिला, त्यानंतर पत्रा नजरेला पडलेला नाही," रेमीने कोतवालाला सांगितलं. "काल कमरेत उसण भरली होती, दिवेलागणीलाच अंथरूण धरलं. हाक मारली असतीस तरी ऐकू आली नसती गं पोरी."

शेवटी ब्लेझ. चेहरा पांढराफटक.

"गुत्ता बंद झाल्यावर कुठे होतास?"

ब्लेझ टोपी हातात फिरवत राहिला.

"अरे, तोंडात मूग धरलेस काय? कुठे होतास?"

"भटकत होतो," ब्लेझ म्हणाला. पेरिनकडे त्याने एकदाही बघितलं नाही. ते न बघणंच तिच्या काळजात रुतलं.

कोतवाल उठला आणि सहज फिरल्यासारखा वर गेला. परत आला तो हातात ओला सदरा घेऊन. उजवी बाही तेवढी ओली, बाकी सगळा कोरडा.

"बाप मेला त्या सकाळी," तो म्हणाला, "ह्या घरात एका बाहीचं धुणं कोणी काढलं?"

३

ब्लेझला शातलेच्या तुरुंगात नेलं. सासऱ्याच्या खुनाला शिक्षा एकच, ग्रेव्हच्या चौकात चाकाला बांधून हाडं मोडायची. पेरिनने लहानपणी एकदा बाबांच्या खांद्यावर बसून ते पाहिलं होतं आणि पुढे महिनाभर ती झोपेत किंचाळत होती. आता ती जागेपणीच थरथरत होती. आणि सगळ्यांत मोठी भीती कोणाला सांगायची सोय नव्हती. त्यानेच केलं असेल तर? बापासाठी रडावं तर नवरा डोळ्यांपुढे येई, नवऱ्यासाठी प्रार्थना करायला बसावं तर बापाचं डोकं. बाई गं, देवाकडे नेमकं मागायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला त्या घरात एकटं बसवेना. ती खाली रेमीच्या छापखान्यात गेली.

छापखान्यात ऊब होती. छताखालच्या दोऱ्यांवर संतांची स्वस्त चित्रं रांगेने वाळत होती, शाईला अळशीच्या तेलाचा वास होता. आणि मधोमध उभं ते यंत्राचं चाक, आडव्या दांड्यांचं, पुरुषभर उंच. जन्मभर पाहिलेलं चाक. आज मात्र त्याच्याकडे पाहताच तिला त्यावर ब्लेझ दिसला, आणि तिने मटकन बसकण मारली.

"रडून घे," रेमी म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर कांबळं टाकलं. "मी आहे ना. तुझ्या बापाचं नाव मी बुडू द्यायचा नाही. कोतवालाने पत्रा परत दिला की मी स्वतःच्या हाताने छापून अकादमीत नेतो. काय काम आहे ते! मखमल बघ, हात लावला तर मऊ लागेल. मेजाच्या पायाशी तेवढा एक करडा डाग उठतोय, तो मागून ठोकला की झालं. बाकी बोट ठेवायला जागा नाही."

"हो काका," पेरिन म्हणाली. नाक पुसलं. आणि मग तिचा हात नाकाशीच राहिला.

डाग?

तिने ती जागा डोळ्यांसमोर आणली. तांब्यावर तिथे डाग कुठाय? तिथे तर सगळ्या पत्र्यात सर्वांत जास्त चमक आहे. कोतवालाला नाक दिसलं, कूर्ताव्हेल म्हणाले लख्ख. घासल्याने जो खळगा पडला तो डोळ्याला दिसत नाही; त्यात शाई बसून ती कागदावर उतरेल तेव्हाच डाग दिसणार. आणि गोगलगाय पुसल्यावर बाबांनी छाप काढलाच नव्हता. पत्रा तर कालपासून कोतवालाकडे. भिंतीवरच्या छापात अजून गोगलगाय आहे, डाग नाही.

म्हणजे त्याच रात्री कोणीतरी ह्या पत्र्याला शाई लावली. त्याचा छाप काढला. आणि पत्रा वर नेऊन बाकावर उताणा ठेवला, जसा छापणारे ठेवतात.

रेमी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि दार त्याच्या पाठीमागे होतं.

"काय गं?" रेमी म्हणाला. "गप्पशी झालीस?"

देवा, तोंडावर काही दिसू देऊ नकोस. "भूक लागलीय काका," ती म्हणाली. "कालपासून पोटात अन्नाचा कण नाही."

रेमी तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वेडी कुठली," आणि शेगडीवरचं कोबीचं सूप त्याने वाडग्यात वाढलं, पावाचा तुकडा कुस्करून घातला, अगदी ती लहान असताना घालायचा तसा. पेरिन ते सगळं सूप प्यायली. घास घशाखाली उतरत नव्हता तरी उतरवला, कारण तो समोर बसून बघत होता. शेवटी वाडगं पावाने पुसून घेतलं. "बरं वाटलं," म्हणाली, उठली, त्याच्या गालाला गाल लावला आणि हळूहळू चालत दाराबाहेर पडली.

कोपरा ओलांडल्यावर मात्र ती जी पळाली ती लाकडी बूट हातात घेऊन.

४

कोतवालाने सगळं ऐकून घेतलं. चेस्टनट सोलायचाही थांबला.

"डोकं आहे तुम्हाला, बाई," तो म्हणाला. "पण हा शब्दाला शब्द झाला. उद्या तो म्हणेल मी असं बोललोच नाही. म्हणेल नवऱ्याला वाचवायला ही बाई वाटेल ते रचते. एका बाहीवरून तुम्ही आधीच खोट्या पडलाय माझ्यासमोर. कागद कुठाय?"

"त्याच्याच घरात."

"कशावरून? एव्हाना हॉलंडच्या वाटेवर असेल."

"नाही जाणार," पेरिन म्हणाली. ह्या बाबतीत तिला तिळमात्र शंका नव्हती. "एवढ्या थंडीत तेलाची शाई आठवडाभर वाळत नाही. ओला छाप घडी केला, गुंडाळला, की संपला. तो टांगूनच ठेवावा लागतो, नाहीतर सपाट पसरून."

मग ताव्हर्नी दोन शिपाई आणि पत्रा घेऊन निघाला. वाटेत बार्नाबेलाही दुकानातून उचललं, कागदाची पारख त्याला म्हणून.

रेमीने त्यांना बघितलं मात्र, आणि पेरिनकडे अशी नजर टाकली की ती शिपायाच्या मागे सरकली. शिपायांनी फळ्या उलथल्या, यंत्राखालची लोकरी कापडं उपसली, गादी फाडली. काही नाही. बार्नाबेने दोऱ्यांवरचा एकेक संत तपासला. सगळे संतच.

"झालं समाधान?" रेमी म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता, खोटा नव्हे, खरोखरच दुखावलेला. "पोरी, मी तुला कडेवर खेळवलं. आज नवऱ्यासाठी माझ्या गळ्यात फास अडकवायला निघालीस?"

कोतवालाने खांदे उडवले. आता संपलं. आता ब्लेझ चाकावर जाणार, आणि हा माणूस खाली सूप रांधत राहणार, आणि ती त्याच्या डोक्यावर राहणार. एकटी.

शिपायाने बाहेर जायला दार उघडलं. अंगणातला वारा आत घुसला. दोऱ्यांवरचे सगळे संत फडफडायला लागले, सँ निकोला, सँ रॉक, सगळे. भिंतीकडची संत जनव्हिएव्ह तेवढी हलेना. नुसती जडपणे झुलली.

"ती!" पेरिन ओरडली. "ती दुहेरी आहे!"

रेमी पुढे झेपावला, पण शिपायाने त्याला धरलं. बार्नाबेने दोरीवरचा चिमटा सोडवून कागद उतरवला. संत जनव्हिएव्हच्या पाठीला पाठ लावून आणखी एक कागद टांगलेला होता, तोंड भिंतीकडे. त्यावर मस्यो कूर्ताव्हेल उभे होते, मखमली अंगरख्यात, हातात ब्रश. मेजाच्या पायावर गोगलगाय नव्हती. तिथे होता एक करडा डाग, अंगठा टेकवल्यासारखा. बार्नाबेने कडेला बोट लावलं. बोट काळं झालं.

कोतवालाने पत्रा आणि कागद शेजारी धरले. "पत्र्यात नाक," तो पुटपुटला, "आणि कागदात डाग." मग रेमीकडे वळला. "मूर्खा, हा कागद शेगडीत का नाही टाकलास?"

रेमीने कागदाकडे पाहिलं. "इतका सुंदर उतरला होता," तो म्हणाला. "जाळवेना."

मग त्याने सगळं ओकलं. सुगीतच त्याने दोन छाप काढले होते, एक हॉलंडच्या नकलाकाराला. आता त्याला गोगलगाय नसलेला हवा होता, आणि पत्रा एकदा अकादमीत गेला की हाती लागणार नव्हता. त्या रात्री गास्पार जिना उतरून बाहेर जाताना दिसला. रेमीने पत्रा खाली आणला, छापला, पुसला, वर नेला, तर गास्पार परत येऊन रिकाम्या बाकासमोर उभा.

"एवढ्या रात्री बाबा कुठे गेले होते?" पेरिनने विचारलं.

"जावयाला शोधायला," रेमी म्हणाला. "तेच सांगत होता मला. पोराला चोर म्हटलं, रेमी, आणि चोर तर तू, म्हणाला. ओरडलासुद्धा नाही गं तो. रडायला लागला. ते मला बघवेना." त्याने हात पसरले. "हातोडा तिथेच होता."

५

ब्लेझ घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला तुरुंगाचा वास येत होता. त्याने भडाभडा सांगितलं. पहाटे तो झिंगत आला, अंधारात पायात काहीतरी आलं, वाकून डोकं उचललं तर हात ओला झाला. मग काल आपण काय बोललो ते आठवलं, आणि भीतीने बोबडी वळली. वर येऊन अंथरुणात शिरला. "बाबांना तसंच थंडीत टाकून आलो गं," तो म्हणाला. "कुत्र्यासारखा पळालो."

"ते तुला शोधायला गेले होते," पेरिनने सांगितलं.

ब्लेझने तोंड भिंतीकडे केलं. तसाच, न वळता म्हणाला, "पेरिन, तू माझी बाही कधी धुतलीस? त्यांना बघण्याआधी, की नंतर?"

ती खोटं बोलू शकली असती. कोणीच बघितलं नव्हतं.

"नंतर," ती म्हणाली.

"म्हणजे तुला वाटलं, मीच."

"हो. वाटलं."

ब्लेझ वळला. तिला वाटलं आता हा कोट उचलून चालता होईल, आणि त्या दोन दिवसांत वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या क्षणी वाटली. ब्लेझने तिच्याकडे पाहिलं, मग दोरीवर अजून लोंबत असलेल्या सदऱ्याकडे पाहिलं.

मग तो बाकाशी गेला. कोतवालाने परत दिलेला पत्रा उचलला, ऐरणीवर लोकरीचं कापड अंथरलं आणि त्यावर पत्रा ठेवला. कोरलेली बाजू खाली. पाठीवर बोट फिरवून खळग्याची जागा शोधली, खडूने खूण केली, पेटीतून दुसरा हातोडा काढला.

"धर," तो म्हणाला. "नीट धर, सरकू देऊ नकोस."

पेरिनने दोन्ही हातांनी पत्रा घट्ट धरला.